मॅचच्या दिवशी राबणाऱ्या स्टाफला फुकट प्रवेश मिळावा का?

मिळावा, पण ड्यूटी नसलेल्या दिवसाचा. ड्यूटीवर माणूस आत असतोच, पण त्याला मॅच कुठे दिसते? प्रेक्षकांवर लक्ष ठेवणाऱ्याला मैदानाकडे पाठ करूनच उभं राहावं लागतं. 2014 पासून काही वर्षं पुण्यात बालेवाडीला आयएसएल या फुटबॉल लीगचे सामने व्हायचे, तेव्हा माझा मावसभाऊ गेटवर तिकिटं तपासायचा. गोल झाला हे आतल्या गलक्यावरून कळायचं. कोणी मारला ते बाहेर पडणाऱ्यांना विचारायचा. अशा माणसाला सुट्टीच्या दिवसाचे दोन पास द्या, एक घरच्यांसाठी. एरवी रिकामी राहणारी खुर्ची दिली तर क्लबचं फारसं काही जात नाही. मात्र पास पगाराच्या बदल्यात नको. ‘मॅच फुकट बघायला मिळते ना’ म्हणत रोजंदारी कमी देणं ही सरळसरळ पिळवणूक आहे.