भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या ब्रिजपोर्टचा छपराचा पूल बघायला जावं का? सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून एका दिवसात होतं का?

होतं की. पण फक्त पूल बघायला नका जाऊ, दिवसभर नदीवर बसायला म्हणून जा. आम्हाला फ्रीमाँटहून जायला तीन तास लागले आणि पूल चालून पार करायला तीन मिनिटं, त्यामुळे नुसता पूल बघून निघालात तर परतताना गाडीत कोणी कोणाशी बोलणार नाही.

आम्ही एप्रिलमध्ये गेलेलो, आई-बाबा तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेले. लांबून बघूनच आई म्हणाली, अगं पुलाला छप्पर कशाला, माणसं भिजू नयेत म्हणून? बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, त्यांना एवढंच निमित्त हवं होतं. म्हणे माणसांचं कोण बघतंय, लाकडाच्या सांध्यात पाणी मुरलं की पूल कुजतो, छप्पर लाकडासाठी असतं. मग जे आत शिरले ते पाऊण तास बाहेर आलेच नाहीत. तिरक्या तुळया लाकडाच्या आणि उभे गज लोखंडाचे, सैल पडलं तर नट आवळायचे, अशा सांगाड्याला हाव ट्रस म्हणतात, आणि त्याला जोड म्हणून दोन्ही बाजूंना मोठी लाकडी कमान. गंमत म्हणजे ही कमान बाहेरूनही कळते, भिंतीवरच्या शिंगल्समध्ये (कौलांसारख्या लाकडी पट्ट्या) तिची गोलाई उठून दिसते, मला आधी ते डेकोरेशनच वाटलेलं. पूल साधारण २३० फूट लांब आणि मधे एकही खांब नाही.

पूल १८६२ चा. त्याच्या आधीचा पूल त्याच हिवाळ्यातल्या पुरात वाहून गेला होता. तेव्हा नेवाडात चांदी सापडलेली, तिकडे सामान नेणारे खटारे इथून जायचे आणि पूल खाजगी कंपनीचा, म्हणजे चक्क टोलनाका! (बाबा : म्हणजे आपल्याकडचं काही नवीन नाही.) २०११ मध्ये पूल धोकादायक म्हणून बंद केला, तो दुरुस्त होऊन उघडायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. बरंच लाकूड नवं दिसतं म्हणून काही लोक नाराज होतात, मला तरी पडलेल्या पुलापेक्षा उभा पूल बरा वाटतो. गाड्या जात नाहीत, फक्त चालत.

आता नदी. साउथ युबा दिसते एकदम हिरवीगार, खाली गुळगुळीत मोठे दगड, बघूनच पाय टाकावासा वाटतो, पण मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत ते सिएरा नेवाडा डोंगरांवरचं वितळलेलं बर्फच असतं आणि ओढ वरून कळत नाही. नवऱ्याने पाय घातले आणि दहा आकडे मोजायच्या आत बाहेर. मुलांना पोहायचंच असेल तर जुलै-ऑगस्ट, पण मग वीकेंडला सकाळी लवकर पोचा, पार्किंग भरतं (पैसे पडतात). आई-बाबांसाठी मार्च-एप्रिलच बेस्ट, बटरमिल्क बेंड ट्रेलवर पॉपीची केशरी फुलं असतात, ट्रेल एका बाजूने दोनेक किलोमीटर, फार चढ नाही, बाबांच्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही. फक्त वाट सोडू नका, पॉयझन ओक आहे. पळसाला पानं तीन तशी यालाही तीनच, हात लागला तर पुढचे दोन आठवडे खाजवत बसाल.

तिथे हॉटेल वगैरे काही नाही, डबा न्या. आम्ही मेथीचे पराठे आणि लसणाची चटणी नेलेली, खाली दगडांवर बसून खाल्ली. माझ्या फोनला तिथे अजिबात नेटवर्क नव्हतं, मॅप आधी डाउनलोड करा, शेवटचा रस्ता वळणावळणाचा आहे, गाडी लागणारं कोणी असेल तर पुढे बसवा. आणि बाबांसाठी टॉर्च घ्या, आत अंधार असतो आणि बघण्यासारखं सगळं वरच आहे.