डावी टाच उचलू द्या

प्रश्न : माझं वय ६८, राहायला नेरूळला. निवृत्तीनंतर गोल्फ शिकलो, उजव्या हाताने खेळतो आणि आठवड्यातून दोनदा खारघरला जातो. तीन वर्षांपूर्वी ड्रायव्हरने (लांब फटक्याच्या काठीने) चेंडू १९० यार्ड जायचा, आता १६०सुद्धा जात नाही. जोर लावला की तो उजवीकडे वळतो आणि संध्याकाळी कंबर धरते. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे काठी मागे उचलताना, डावा पाय जमिनीला चिकटलेला हवा, असं शिकवलं होतं. चुकतंय कुठे?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आधी जोर लावणं थांबवा. अंतर कमी झालं की आपण हातांनी भरपाई करायला जातो. मग क्लब (गोल्फची काठी) खाली आणताना खांदे आधी फिरतात, तो बाहेरून आत येतो, त्याचं तोंड उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं, राहतं आणि चेंडू उजवीकडे पळतो. अंतर तर वाढत नाहीच.

मूळ अडचण त्या चिकटलेल्या पायात आहे. टाच खाली दाबून कंबर रोखायची आणि खांदे मात्र पूर्ण वळवायचे, हा पीळ पंचविशीतल्या पाठीला झेपतो. आपल्या वयात तो थेट कमरेत जातो. मी स्वतः बासष्टाव्या वर्षापर्यंत हट्टाने तसाच खेळलो. एका सकाळी तिसऱ्या होलवर वाकलो तो सरळ होता येईना, आणि पुढचे तीन महिने क्लब हातात धरला नाही. परतलो तेव्हा पहिल्यांदा टाच मोकळी सोडली.

अमेरिकेचे दिग्गज गोल्फपटू जॅक निकलस आठवा. ऐन भरात असतानाही बॅकस्विंगमध्ये त्यांची डावी टाच वर यायची. १९८६ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांनी मास्टर्स ही मानाची स्पर्धा जिंकली. टाच उचलणं ही म्हातारपणाची सवलत आहे, असं कृपया मानू नका.

फक्त ती मुद्दाम उचलायची नाही. डावा गुडघा उजवीकडे ओढला गेला की टाच आपोआप इंच-दीड इंच वर येते. उजव्या पायाचा चवडा थोडा बाहेर वळवून उभे राहा, म्हणजे कंबर आणखी सहज फिरेल. खाली येताना पहिलं काम एकच : टाच परत जागेवर टेकवायची. ती टेकली की वजन डावीकडे येतं आणि हात मागून येतात. ही लय मला सापडायला महिना लागला. तुम्हालाही तेवढा वेळ द्यावा लागेल.

सराव घरीच करा. मी ठाण्यात उपवन तलावाकाठी फिरायला जातो तेव्हा सोबत जुनी काठी असते. ती छातीवर आडवी धरायची, हातांची घडी घालायची आणि पाठ उजवीकडे, मग डावीकडे सावकाश वळवायची. दोन्हीकडे दहा-दहा वेळा, श्वास न रोखता. पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) जाण्याआधीही हेच करा. गाडीतून उतरून थेट ड्रायव्हर हातात घेणारे समवयस्क पाहिले की मला खरंच काळजी वाटते.

पावसाळ्यात मात्र जपा. ओल्या गवतावर टाच उचलताना पाय सरकतो, म्हणून बॅकस्विंग तीन-चतुर्थांशच घ्या. त्या दिवसांत फेअरवेवर (कोर्सच्या मधल्या, कापलेल्या गवतावर) चेंडू घरंगळत नाही, पडतो तिथेच रुततो. तेव्हा १९०चा हिशोब जून ते सप्टेंबर बाजूला ठेवा.

साहित्याचं थोडक्यात : शाफ्ट (क्लबचा दांडा) कडक असेल तर सीनियर फ्लेक्सचा, म्हणजे जास्त लवणारा, हलका ग्रॅफाइट शाफ्ट वापरून बघा आणि ड्रायव्हरचा लॉफ्ट (तोंडाचा तिरपा कोन) १२ अंशांच्या आसपास ठेवा. क्लबचा वेग कमी झाला की चेंडूला हवेत राहायला उंची लागते. लांब आयर्नऐवजी (पातळ धातूच्या तोंडाच्या, मारायला अवघड क्लबऐवजी) हायब्रिड, म्हणजे जाड डोक्याचे सोपे क्लब, घ्या. पण नवा ड्रायव्हर घ्यायची घाई नको, आधी महिनाभर टाचेवर काम करा.

आणि कंबर धरते म्हणता, ती कळ पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर यातलं काहीही करण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. खारघरचा कोर्स कुठे पळून जात नाही.