वाचकांचे प्रश्न : छतावरच्या विजेची माहिती द्यावी का?

प्रश्न : नाशिकच्या इंदिरानगरात आमच्या छतावर ३ किलोवॅटचे सौर पॅनेल आहेत. नेट मीटर असताना इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या आणि निर्मितीची नोंद ठेवणाऱ्या यंत्राची) माहिती वीज वितरण कंपनीला द्यायची गरज काय?

उत्तर : नेट मीटर फक्त ग्रिडमधून, म्हणजे कंपनीच्या वीजजाळ्यातून, घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजतो, भर दुपारी पॅनेलने तयार केलेली आणि घरातच वापरली गेलेली वीज त्याला दिसत नाही. श्रावणात अचानक ढग दाटून आले, की वस्तीतील सगळ्या छतांवरची निर्मिती एकदम घटते आणि तोवर न दिसलेली मागणी रोहित्रावर येऊन पडते. उलट, कडक उन्हात घरे बंद असली, तर वाहिनीतील व्होल्टेज वाढते. पॅनेल व बॅटरीची क्षमता आणि दर १५ मिनिटांची निर्मिती कळली, तर या दोन्हींचा अंदाज आधीच बांधता येतो. म्हणून ही माहिती जरूर द्यावी, असे मला मनापासून वाटते.

मात्र घरातील वापराच्या बारीक नोंदींवरून घर केव्हा रिकामे असते हेही ओळखता येत असल्यामुळे, त्या कोण, कशासाठी आणि किती काळ ठेवणार, हे लेखी विचारावे. दिलेली संमती मागे घेण्याची तरतूद २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे.