रोमान्स कॉमिक्समधल्या सगळ्या नायिका एकाच अंगकाठीच्या का असतात? जाड नायिकेची प्रेमकथा कुणी काढतच नाही का?

काढतात की. पण तेव्हा जाडपणा हाच कथेचा विषय होऊन बसतो. नायिका जाड आहे आणि गोष्ट मात्र भलत्याच कशाबद्दल आहे, असं क्वचितच दिसतं.

'किस हिम, नॉट मी' ही जुन्को यांची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, घ्या. 2013 पासून ती मासिकातून येत होती आणि 2016 मध्ये तिला कोदान्शा या जपानी प्रकाशनसंस्थेचा पुरस्कारही मिळाला. नायिका काए सेरिनुमा गोलमटोल, चष्मेवाली, ॲनिमेवेडी (ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन). तिचं लाडकं ॲनिमे पात्र मरतं, त्या दुःखात ती खोलीत कोंडून घेते, आणि आठवडाभरानं बाहेर येते ती चवळीची शेंग होऊन! मग शाळेतली देखणी मुलं तिच्या मागे लागतात. मांगा धमाल आहे, मी खदखदून हसत वाचली. पण प्रेमकथेची गाडी सुटते ती वजन उतरल्यावरच, हे नाकारता येत नाही.

कोरियन वेबटूनमध्ये, म्हणजे मोबाइलवर वाचायच्या कॉमिक्समध्ये, आणखी गंमत. 'ट्रू ब्यूटी' (2018) वाचलं असेलच. मेकअप उतरला की नायिका 'कुरूप' ठरते, पण फरक पडतो तो फक्त चेहऱ्यात. मानेखाली ती तश्शीच सडपातळ. म्हणजे ज्या गोष्टीचा विषयच दिसणं आहे, तिथेही शरीराला हात लावायचं धाडस झालं नाही.

पुरुषांना थोडी सूट मिळते. 'माय लव्ह स्टोरी!!' या मांगाचा नायक ताकेओ म्हणजे जवळपास दोन मीटर उंचीचा, जाड ओठांचा धिप्पाड गडी, आणि गोष्ट त्याच्यावर मनापासून माया करते. पण त्याच्या शेजारी उभी केलेली नायिका? नाजूक, चिमुकली. उलट जोडी लावून पाहा आणि अशी किती नावं आठवतात ते मला सांगा.

कारणांबद्दल. मी चित्रं काढून पोट भरते, त्यामुळे मला ती आधी कामाच्या टेबलावर दिसतात. माणसाची उंची आम्ही डोक्याच्या मापात मोजतो. खरा प्रौढ माणूस साधारण साडेसात डोक्यांचा भरतो. रोमान्समधले नायक-नायिका सहज आठ-नऊ डोक्यांचे असतात, ही फॅशनच्या रेखाटनांची सवय. त्यात वेबटूनचा भाग बहुधा दर आठवड्याला द्यायचा, तोही रंगीत. मग कॉम्प्युटरवरचा तयार थ्रीडी पुतळा घ्यायचा, त्यावरून पोझ उतरवायची, केस आणि डोळ्यांचा रंग बदलला की नवं पात्र तयार. हे पुतळे बारीक-जाड करता येतात, पण घाईत कोण करतंय.

आणि जाड शरीर काढायला खरंच अवघड आहे, कारण ते हलताना बदलतं. बसलं की पोटाला वळी पडते, मांडी खुर्चीवर पसरते, दंड अंगाला चिकटला की चपटा होतो. नुसती कंबर रुंद केली की झालं, असं नाही. रोमान्सच्या कोणत्याही कॉमिकमधली मिठीची चौकट उघडून बघा: नायकाचा एक हात नायिकेच्या कमरेला पूर्ण वळसा घालून पलीकडून बाहेर आलेला असतो. ती चौकटच त्या कंबरेसाठी बेतलेली आहे. जाड नायिकेसाठी मिठी नव्यानं रचावी लागेल: हात कुठे टेकेल, कापड कुठे ताणलं जाईल, हनुवटी कुठे येईल. हे न शिकलेला चित्रकार मग जाड पात्राला विनोदी मैत्रीण करून मोकळा होतो, कारण विनोदासाठी एक गोळा आणि दोन ठिपके पुरतात.

पण सगळं खापर वेळेवर फोडणं मला पटत नाही. अमेरिकेत जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी 1947 मध्ये 'यंग रोमान्स' हे कॉमिक काढलं, तेव्हा ना थ्रीडी पुतळे होते, ना मोबाइल. तिथेही नायिका एकाच साच्यातल्या. 1954 च्या कॉमिक्स कोडमध्ये, म्हणजे तिथल्या प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीत, तर नियमच होता की स्त्रिया वास्तवाला धरून, कोणताही शारीरिक अवयव अतिरंजित न करता काढाव्यात. त्यानं उन्नत छात्या आवरल्या असतील, साचा काही मोडला नाही. वाचक स्वतःला नायिकेच्या जागी बघतो म्हणून ती 'आदर्श' हवी, असं संपादक मंडळी सांगतात. अहो, आम्ही वाचकच जाड आहोत त्याचं काय!

तुम्हाला वाचायलाच हवं असेल तर 'बिंगो लव्ह' (2018) शोधा. लेखिका टी फ्रँकलिन, चित्रं जेन सेंट-ऑन्ज. 1963 मध्ये चर्चच्या बिंगोत (आपल्या हाउजीसारखा आकड्यांचा खेळ) भेटलेल्या दोन कृष्णवर्णीय मुली, घरच्यांनी केलेली ताटातूट आणि आजी झाल्यावर पुन्हा भेट. त्यातली हेजल भरल्या अंगाची आहे आणि तिच्या प्रेमाच्या आड येतं ते घर, समाज, लग्न, वजन नव्हे. फार मोठं पुस्तक नाही, एका बैठकीत होईल. उंचीच्या बाबतीत साचा मोडलेला बघायचा असेल तर आया नाकाहारा यांची 'लव्हली कॉम्प्लेक्स' घ्या, त्यात मुलगी चांगली उंच आणि मुलगा बुटका. तीही उंचीभोवतीच फिरते म्हणा, पण तिथे कुणाला आठवड्यात उंची कमी करून यावं लागत नाही.