बिडी सोडल्यावर धडधड वाढली, म्हणून दम्याची गोळी बंद करावी का?

दम्याची गोळी सुरू असताना छातीत धडधड होऊ लागली, हात थरथरू लागले किंवा रात्रीची झोप उडाली, की बहुतेकांच्या मनात एकच शंका येते: हे औषध हृदयाला बाधत तर नाही ना? छातीच्या विकारांच्या बाह्यरुग्ण विभागात औषध-समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न माझ्यासमोर सतत येतो. ही शंका निराधार नसते. परंतु शंका आली म्हणून परस्पर औषध बंद करणे जितके धोक्याचे, तितकेच त्रास अंगावर काढत ते तसेच घेत राहणेही धोक्याचे असते. हे नीट समजावे म्हणून एका रुग्णाची हकीकत सांगते. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तात्या साठीचे. उमेदीची सगळी वर्षे गुऱ्हाळावर चुलवणापाशी, धुरात गेलेली, आणि जोडीला तरुणपणापासूनची बिडी. दमा जुना, थंडीत छाती कफाने भरून येण्याचा त्रासही जुनाच. डॉक्टरांनी त्यांना ओढायचा स्टेरॉइड पंप आणि थिओफिलिनची दीर्घकाळ काम करणारी गोळी दिली होती. मध्यंतरी त्रास वाढला तेव्हा गोळीची मात्राही वाढवली होती. पुढे नातीच्या हट्टापायी त्यांनी बिडी सोडली आणि खरोखरच सोडली. त्यानंतर काही आठवड्यांतच ते मावशींना घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. मळमळ, डोकेदुखी, झोप नाही, हाताला कंप आणि छातीत धडधड.

"बिडी ओढत होतो तोवर यातलं काही नव्हतं बघा ताई," ते म्हणाले. "सोडली आणि शरीर बिघडलं. आता गोळी बंद करू का बिडी परत धरू, एवढं सांगा."

मावशींचे डोळे भरून आले होते. नवऱ्याने आयुष्यभराचे व्यसन सोडल्यावर त्याचे हे फळ मिळावे, याचे त्यांना फार वाईट वाटत होते. म्हणूनच मी सर्वांत आधी त्यांना सांगितले की तात्यांचे निरीक्षण अगदी बरोबर आहे, फक्त त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. बिडी सोडल्यामुळे शरीर बिघडलेले नाही. बिडीच्या धुराला धरून ठरलेली गोळीची मात्रा आता त्यांच्या शरीराला जास्त होऊ लागली आहे.

थिओफिलिन हे चहातल्या कॅफिनच्या कुळातले औषध आहे. 1888 मध्ये ते प्रथम चहाच्या पानांतूनच वेगळे काढले गेले. ते श्वासनलिका सैल करते. मात्र उपयोगी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांच्यात फारच थोडे अंतर असते. रक्तात त्याचे प्रमाण एका मिलिलिटरला 10 ते 20 मायक्रोग्रॅम असावे, असे पूर्वापार मानले जाते, आणि आता अनेक डॉक्टर त्याहूनही खालचे, 5 ते 15 चे लक्ष्य ठेवतात. वीसच्या वर गेले की त्रासाची शक्यता वाढत जाते, आणि प्रमाण फार वाढल्यास हृदयाची लय बिघडणे किंवा फिट येणे यांसारखे गंभीर प्रकार घडू शकतात, तेही काही वेळा आधी मळमळीसारखी सौम्य लक्षणे न दिसता.

बिडी-सिगारेटच्या धुरातील काही घटक यकृताला हे औषध अधिक वेगाने मोडायला लावतात. त्यामुळे ओढणाऱ्या माणसाला तोच परिणाम साधण्यासाठी जास्त मात्रा लागते. धूर थांबला की यकृताचा वेग पूर्ववत होऊ लागतो आणि आठवडाभरातच औषध बाहेर पडण्याचे प्रमाण साधारण एक-तृतीयांशाने घटू शकते. टाकीत पाणी पूर्वीइतकेच पडत राहिले आणि खालचा नळ मात्र अर्धवट बंद केला तर काय होईल, असे विचारल्यावर मावशींनीच उत्तर दिले. म्हणून थिओफिलिन चालू असलेला रुग्ण धूम्रपान सोडतो तेव्हा डॉक्टर साधारणपणे मात्रा पाव ते एक-तृतीयांश कमी करतात. तात्यांनी बिडी सोडल्याचे डॉक्टरांना कळवलेच नव्हते, कारण चांगली गोष्ट डॉक्टरांना कळवावी लागते असे त्यांना वाटलेच नव्हते. यात त्यांचा दोष नाही. गोळी देताना हा प्रश्न फार थोड्या ठिकाणी विचारला जातो, आणि तो विचारायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे.

तरीही धडधड अचानक, दोन-तीन दिवसांत एवढी का वाढली, हे सुटत नव्हते. मी पिशवीतली सगळी औषधे टेबलावर काढायला सांगितली. एक कापलेली पट्टी निघाली. गोळ्या सुट्या देताना कात्री नेमकी नावावरून गेली होती आणि मागच्या चंदेरी कागदावर '...फ्लॉक्सासिन 500' एवढीच अक्षरे उरली होती. लघवीला जळजळ होते म्हणून गावातल्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ती गोळी होती. अशा शेवटाची प्रतिजैविके एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी लिव्होफ्लॉक्सासिनचा थिओफिलिनवर विशेष परिणाम होत नाही, पण सिप्रोफ्लॉक्सासिन मात्र थिओफिलिनचे मोडणे चांगलेच रोखते. दुकानात फोन करून विचारले. गोळी सिप्रोफ्लॉक्सासिनचीच होती. पट्टीवरची उभी लाल रेघ ही 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको' अशी सूचना असते, आणि ती किती गरजेची आहे, हे टेबलावर पडलेल्या त्या तुकड्याकडे पाहूनच कळत होते.

पिशवीत कफाचे एक पातळ औषधही होते. अशा अनेक सिरपमध्ये कफ पातळ करणाऱ्या घटकांबरोबर टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका सैल करणारे घटक असतात, आणि हाताचा कंप व धडधड हे त्यांचेही नेहमीचे परिणाम आहेत. 'खोकल्याचंच तर आहे' म्हणून तात्या झाकणभर पुन्हा पुन्हा घेत होते.

मी त्यांना लगेच डॉक्टरांकडे नेले. ईसीजीत ठोके जलद होते, पण लय नियमित होती. थिओफिलिनची गोळी डॉक्टरांनी त्याच वेळी थांबवली, प्रतिजैविक बदलले, सिरप बंद केले आणि रक्ताचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला; अहवालात प्रमाण 24 निघाले. ओढायचा स्टेरॉइड पंप मात्र एक दिवसही थांबवू दिला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण एका औषधाचा त्रास झाला की घाबरून सगळीच औषधे बंद करणारे रुग्ण मी पाहते. श्वासनलिकेची सूज आवरण्याचे काम तो पंप करतो. तो तोडला तर काही दिवस काहीच जाणवत नाही आणि मग दम्याचा अटॅक येऊ शकतो. पंपाची सवय लागते हा समज खरा नाही. औषध थेट फुप्फुसात जात असल्याने ते मायक्रोग्रॅममध्ये पुरते. ओढून झाल्यावर पाण्याने गुळणी करून थुंकले की तोंड येण्याचा त्रासही बहुतांशी टळतो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, पण कमी मात्रेत. त्या वेळी मावशींनी सहज सांगितले की गोळी मोठी असल्यामुळे त्या ती कधी कधी कुटून कोमट पाण्यातून देत असत. दीर्घकाळ काम करणारी गोळी अशी कुटली किंवा चावली, तर बारा तासांत हळूहळू सुटायचे औषध एकदम रक्तात उतरते. अशी गोळी अख्खीच गिळायची. गिळणे जमत नसेल तर डॉक्टरांना सांगून औषधाचा प्रकार बदलून घ्यायचा. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. डॉक्सोफिलिन, असेब्रोफिलिन, एटोफिलिन ही नावे कानाला सारखी वाटतात आणि ही औषधे एकाच कुळातली आहेत, म्हणून एका डॉक्टरांच्या चिठ्ठीतले एक आणि दुसऱ्यांच्या चिठ्ठीतले दुसरे असे दोन्ही एकदम सुरू होणार नाही, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकेही थिओफिलिनचे प्रमाण वाढवतात, तर क्षयरोगावरील रिफाम्पिसिन ते कमी करते. जोराचा ताप आणि यकृताचा आजार यांतही ते साचू शकते. दिवसाकाठी बरेच कप कडक चहा किंवा कॉफी होत असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

वारंवार उलट्या, अनियमित ठोके, भोवळ किंवा झटके आले, तर पुढची गोळी न घेता तातडीने रुग्णालय गाठावे. धाप एवढी लागली की एक वाक्यही सलग बोलता येत नाही किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर आराम देणारा पंप (स्टेरॉइडचा नव्हे, श्वासनलिका लगेच सैल करणारा) ओढत 108 ला फोन करावा. अशा वेळी दुसऱ्या दिवसाच्या ओपीडीची वाट पाहू नये.

तात्यांनी जाताना आणखी एक गोष्ट विचारली. बिडीऐवजी तंबाखूची चिमूट धरली, तर गोळीचे गणित पूर्वीसारखे बसेल का? बसणार नाही, कारण औषध वेगाने मोडण्याचा तो परिणाम निकोटिनचा नसून धुराचा आहे, आणि चघळलेल्या तंबाखूने तोंडाच्या कर्करोगाचा धोका तेवढा पदरात पडेल. त्यांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर आता बिडी सोडल्याची तारीख ठळक लिहिली आहे, म्हणजे मात्रा ठरवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ती दिसेल. पुन्हा कधी मोह झालाच आणि बिडी सुरू झाली, तर औषधाचे प्रमाण उलट घसरून दमा उसळेल. तेव्हा ओरडा बसेल या भीतीने लपवू नका, आधी आम्हाला येऊन सांगा, असे मी त्यांना आणि मावशींना दोघांनाही बजावले आहे.