एमआरआय केला की शरीरातले फ्री रॅडिकल्स दिसतात का?

नाही, दिसत नाहीत. फ्री रॅडिकल म्हणजे शेजारच्या रेणूंशी चटकन भिडणारे, अस्थिर रेणू. शिबिरात तुमच्या सासूबाईंना ‘एमआरआय करा, फ्री रॅडिकल्स किती वाढलेत ते कळेल’ असं सांगितलं म्हणता. तेवढ्यासाठी पैसे घालू नका. नाशिकच काय, मुंबई-पुण्याच्या हॉस्पिटलातल्या मशीनवरही ते दिसणार नाहीत. मी इथेच नाशिकला एमएस्सीच्या मुलांना स्पेक्ट्रोस्कोपी (लहरींच्या साहाय्याने रेणू ओळखण्याचं शास्त्र) शिकवते, म्हणून कारण सविस्तर सांगते.

एमआरआय चित्र काढतो ते पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनचं, म्हणजे प्रोटॉनचं. फ्री रॅडिकलची खूण वेगळी: त्यात एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो. इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे 658 पट. त्यामुळे 1.5 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनमध्ये प्रोटॉनला 64 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी पुरतात, तिथे इलेक्ट्रॉनला 42 गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सुमारे 658 पट वारंवारतेच्या, लहरी लागतील, आणि त्या कातडीतल्या पाण्यातच जिरून जातात.

इलेक्ट्रॉनसाठीचं तंत्र म्हणजे ईपीआर (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स). भौतिकशास्त्रज्ञ झावोइस्की यांनी ते 1944 मध्ये रशियातल्या कझानला शोधलं. जिवंत प्राण्यावर वापरताना चुंबक मुद्दाम कमजोर ठेवतात, साधारण 10 मिलिटेस्ला. मग 300 मेगाहर्ट्झच्या आसपास भागतं आणि लहरी आतपर्यंत पोचतात. तरी खरी अडचण उरतेच. शरीरात तयार होणारा हायड्रॉक्सिल रॅडिकल काही नॅनोसेकंदांत शेजारच्या रेणूवर तुटून पडतो आणि संपतो. चित्र निघावं एवढा तो कधी साठतच नाही! म्हणून उंदराला नायट्रॉक्साइडसारखा टिकाऊ रॅडिकल टोचतात आणि तो कुठे, किती वेगाने नाहीसा होतो ते बघतात. म्हणजे दिसतो तो बाहेरून घातलेला रॅडिकल. शरीरातल्या घडामोडींचा त्यावरून अंदाज बांधायचा.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते ट्रायटिल रेणूंचं काम. हेही असेच बाहेरून टोचायचे टिकाऊ रॅडिकल. आजूबाजूला ऑक्सिजन जितका जास्त, तितकी ईपीआरच्या आलेखात त्यांच्या सिग्नलची रेषा रुंद होते. त्यावरून कॅन्सरच्या गाठीत ऑक्सिजन कुठे कमी आहे याचा नकाशा मिळतो, आणि नेमक्या त्याच भागावर रेडिएशनचा परिणाम कमी होतो. डॉक्टरांच्या हाती हा नकाशा आला तर किती मोठी गोष्ट होईल! पण हे बहुतेक काम अजून उंदरांवरच चालू आहे.

सासूबाईंना गुडघ्यासाठी, मणक्यासाठी डॉक्टरांनी एमआरआय सांगितला असेल तर जरूर करा, ती गोष्ट निराळी. शिबिरवाल्यांकडून मात्र तपासणीचं नाव कागदावर लिहून घ्या आणि पैसे भरण्याआधी तो कागद तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.