५२ मिनिटं मोजणाऱ्या मुलीला

पत्र थोडक्यात: मी २७ वर्षांची, ऐरोलीत राहते. मेकॅनिकलमध्ये बी.ई. करून चार वर्षं रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रॉडक्शन इंजिनिअर आहे. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये, म्हणजे कारखान्यातलं काम सुरळीत कसं होईल या विषयात, एम.टेक. करावं असं सारखं मनात येतं, पण का करायचंय ते माझं मलाच नीट सांगता येत नाही. रात्रपाळ्यांचा वैताग आलाय. बरोबरची मैत्रीण हेच शिकायला अमेरिकेत गेली, तिचे फोटो बघितले की जीव खालीवर होतो. साहेबांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, "आधी शिकून या, मग सुधारणा सांगा." आई म्हणते, अजून शिकलीस तर स्थळं मिळणार नाहीत. बाबा म्हणतात, हातातली नोकरी सोडू नकोस. मावशी, मी पळून तर जात नाहीये ना? – अस्वस्थ, ऐरोली

प्रिय मुली,

तुझं पत्र चार पानांचं आहे. रात्रपाळी, मैत्रीण, साहेब, आई-बाबा हे सगळं दीड पानात उरकलंयस. पुढची अडीच पानं आहेत प्रेसवरची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला लागणाऱ्या ५२ मिनिटांबद्दल. ती इथे छापता आली नाहीत, पण मी तीनदा वाचली. कुणी सांगितलेलं नसताना तू तीन आठवडे मोबाइलवर वेळ लावून प्रेसपाशी उभी राहिलीस. ५२ पैकी ९ मिनिटं २२चा पाना शोधण्यात जातात, १४ मिनिटं फोर्कलिफ्टची वाट बघण्यात. आणि त्याखाली प्रेसवर काम करणाऱ्या मामांबद्दल लिहिलंयस, "मामांना सगळे ढिले म्हणतात, पण मामा तर सगळा वेळ पळत होते."

तुझं कारण मला या ओळीत सापडलं.

हे मी उगाच म्हणत नाही. माझे वडील वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. लेथवर काम करताना मागे एक माणूस हातात स्टॉपवॉच आणि पाटी घेऊन उभा राहायचा. त्या दिवशी बाबा घरी आले की जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. आठवड्याभरात पीसचा नवा हिशेब लागायचा, आणि तो नेहमी बाबांच्या विरुद्ध असायचा. खराब मालामुळे टूल किती वेळा बदलावं लागलं, हे त्या पाटीवर कधीच नसे. पुढे मी स्वतः २६ वर्षं प्लॅनिंगमध्ये काढली, तेव्हा कळलं की ते घड्याळ माणसावर रोखता येतं आणि माणसाच्या वाटेतल्या अडचणींवरही रोखता येतं. तू ते पान्यावर आणि फोर्कलिफ्टवर रोखलंस. तुला हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

या विषयाच्या जुन्या माणसांतही घड्याळ असं अडचणींवर रोखणारे होते. फ्रँक गिलब्रेथ या अमेरिकन माणसाने गवंड्याच्या एका विटेमागच्या १८ हालचाली पाचेकवर आणल्या. ते गवंड्याला घाई करून झालं नाही. विटांचा ढीग त्याच्या कमरेच्या उंचीवर आणला, म्हणजे प्रत्येक विटेसाठी वाकणं संपलं. त्याची बायको लिलियन हिने १९१५ मध्ये मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतली होती. कामगाराचा थकवा हाही मोजायचा आणि कमी करायचा विषय आहे, हे तिने लावून धरलं. १९२४ मध्ये नवरा गेला, घरात मुलांची रांग, तरी तिने काम सोडलं नाही. १९३५ मध्ये ती पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाली. आईला हे जरूर सांग.

आता बाकीची कारणं. रात्रपाळीचा कंटाळा खरा आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्यासाठी एम.टेक. कशाला? बदली माग, दुसरी नोकरी बघ, निदान आठ दिवस रजा घेऊन झोप काढ. झोप पुरी झाल्यावरही शिकावंसं वाटतंय का, ते बघ. मैत्रिणीच्या फोटोंचं म्हणशील तर तिथली फी, त्यावरचं कर्ज आणि बाबांचं ऐरोलीतलं घर तारण, हे कुठल्या फोटोत दिसत नाही. तिथल्या एखाद्या प्राध्यापकाचं काम तुला खेचत असेल तर गोष्ट वेगळी. तसं तू कुठे लिहिलेलं नाहीस.

साहेबांबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण तुझा राग तिथे आहे आणि तुझी सगळ्यात मोठी शिकवणीही तिथेच आहे. त्यांचं बोलणं उर्मटपणाचं होतं. पदवी आणलीस म्हणून तो माणूस ऐकेल अशी आशा ठेवू नकोस. त्याला हरवायला दोन वर्षं घालवणं महाग पडेल. पण त्याआधी पान्याची ९ आणि फोर्कलिफ्टची १४ मिनिटं धरून त्यांनी एक प्रश्न विचारला होता, तूच लिहिलंयस: "ही २३ मिनिटं वाचली तर कंपनीला काय मिळेल?" आणि तू गप्प झालीस. तो प्रश्न बरोबर होता गं.

त्याचं उत्तर तुझ्याच पत्रात पडून आहे. प्रेसनंतर पेंट शॉपच्या दारात साधारण ६०० ब्रॅकेट ट्रॉल्यांमध्ये पडून असतात, असं तू जाता जाता लिहिलंस. पेंट शॉप तासाला १५० काढतं. म्हणजे प्रेसवरून सुटलेला ब्रॅकेट सरासरी चार तास नुसता उभा राहतो. थांबलेला माल भागिले बाहेर पडण्याचा वेग म्हणजे थांबण्याचा वेळ. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हे गणिताने सिद्ध केलं, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. ऐरोली स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या रांगेलाही तो लागतो. आता बघ, माल पेंट शॉपपाशी तुंबतोय, म्हणजे अडतंय पेंट शॉप. प्रेस कितीही पळवली तरी दिवसाला एक ब्रॅकेट जास्त बाहेर पडणार नाही! मग तुझी २३ मिनिटं वाया गेली का? नाही. डाय पटकन बदलता आली तर बॅच, म्हणजे एका डायवर एका दमात काढायचा माल, लहान करता येते. बॅच लहान झाली की तो ६०० चा ढीग उतरतो, अडकलेला पैसा सुटतो आणि दोष असला तर ६०० पीस बिघडायच्या आधी सापडतो. साहेबांना हे सांगायला हवं होतं. ते तुला सुचलं नाही, कारण तुझी नजर एका मशीनवर होती. सगळी लाइन एकत्र बघायला शिकणं, हेच तर या विषयात शिकवतात. मी तुझ्या जागी असते तर प्रवेशाच्या अर्जात "लहानपणापासून आवड" वगैरे न लिहिता ही गप्प बसल्याची गोष्टच लिहिली असती.

एक सावध करते. एम.टेक.ला गेलीस की प्रेस आणि पाना लांब राहतील. संभाव्यता, रांगांचं गणित, ऑप्टिमायझेशन, सिम्युलेशन, रात्र रात्र कोडिंग. कारखान्याची हौस असलेली चांगली मुलं तिथे पहिल्या सेमिस्टरला हिरमुसतात. म्हणून नोकरीत असतानाच करून बघ. संभाव्यतेचं एक पाठ्यपुस्तक घे, रोज तासभर, तीन महिने, गणितं हाताने सोडव. त्यातही ५२ मिनिटांसारखं मन रमलं तर गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा, फॉर्म भर. गुण तीन वर्षं चालतात, त्यामुळे परीक्षा दिली म्हणजे लगेच राजीनामा द्यावा लागतो असं नाही. बाबांना हे सांगितलंस तर त्यांचा जीव जरा भांड्यात पडेल.

लांब जायचीही गरज नाही. ऐरोलीचा पूल ओलांडून मुलुंडमार्गे गेलीस की पवई. आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्चचं एम.टेक. आहे. त्याच भागात १९६३ पासूनची निटी ही संस्था आहे, २०२३ मध्ये ती आयआयएम मुंबई झाली. तिथला कल व्यवस्थापनाकडे जास्त, आयआयटीतला गणिताकडे. दोन्हीकडे शिकणाऱ्या मुलांना गाठून बोल. गेटवर एम.टेक.ला गेलेल्यांना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. तुझ्या पगारापुढे ते कमी आहे, म्हणून घरात तुझा किती हातभार लागतो ते आधी बाबांबरोबर बसून कागदावर मांड.

आईशी वाद घालू नकोस. तिला एकदा ती अडीच पानं वाचून दाखव. तिला डाय म्हणजे काय ते कळणार नाही, पण वाचताना तुझा चेहरा तिला दिसेल. तुझं शिक्षण ज्याला जड होईल असं स्थळ आत्ताच गळालं तर बरंच आहे, हे मी तिच्याच वयाची बाई म्हणून लिहितेय.

आणि पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही. तीन आठवडे तू मामांच्या शेजारी उभी होतीस. २२चा पाना कुठे टांगला तर हाताशी येईल, हे त्यांना विचारलंस का? उद्या पाळी सुरू व्हायच्या आधी विचार, आणि ते काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
मावशी